पडद्यामागची जागा

"मार," पाटील म्हणाले. "तुह्या हातानंच मार. मी काऊन हात लावू तुले? मले मंग आंघोळ करा लागन."

मी त्यांच्या खुर्चीपुढे उभा होतो. तंबू गच्च भरलेला. दिवेलागण नुकतीच झाली होती, बाहेर इंजिन धडधडत होतं. माझ्या हातात काच होती, अजून गरम. काच डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने स्वतःच्या थोबाडीत मारली.

"आयकू नाही आली."

दुसरी जोरात मारली. खुर्च्यांवरची माणसं खो खो हसली. सकाळी यांच्याच देखत मी या तंबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या.

कशापायी मारत होतो, ते सांगतो.

आमचं गाव दुसरबीडच्या बाजारापासून कोसभर. दरवर्षी जत्रेला आमच्या गावात तंबूचा सिनेमा यायचा. मधोमध पडदा. पुढे पाटलांच्या खुर्च्या, मग बाकडी, मग सतरंज्या. आम्ही महारवाड्यातले लोक पडद्याच्या मागे, मातीत. दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती, देव नदीत सोडून झाले होते, महाराष्ट्रही झाला होता. पडद्यामागची जागा तेवढी तशीच होती.

मागून चित्र दिसतं, पण उलटं. मला लहानपणी वाटायचं, सिनेमातली सगळी माणसं डावखुरी असतात. तलवार डाव्या हातात, घास डाव्या हाताने. आम्ही पोरं लढाई खेळायचो तेव्हा काठी डाव्या हातात घ्यायचो. बा चिडायचा, पण का घेतो ते त्याने कधी विचारलं नाही. तोही मागेच बसून पाहत आला होता.

खेळ सुरू व्हायच्या आधी गावात एक रीत होती. काजळी धरलेल्या काचेवर खिळ्याने अक्षरं कोरलेली असायची. ती काच मशिनीपुढे धरली की पडद्यावर पाटलांचं नाव उमटायचं, मानासकट, स्वागतासकट. पाटील ते वाचायचे, मान हलवायचे, मगच खेळ. ती अक्षरं मी वर्षानुवर्षं मागून बघितली होती. मला वाचता येत नव्हतं, पण त्यांचा आकार डोळ्यांत पक्का बसला होता.

अठरा-एकोणीसचा झालो तेव्हा त्याच तंबूत कामाला लागलो. खड्डे खणायचे, धूळ बसायला पाणी मारायचं, मशीन बैलगाडीतून उतरवायची. खेळ चालू असताना माझी जागा पडद्याच्या दोऱ्यांपाशी. म्हणजे परत मागेच. पण मला मशीन शिकायची होती. ती गरम वास मारणारी मशीन सोडून मला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. मी मालकाच्या मागे भुणभुण लावली. दोन महिन्यांनी आमच्याच गावात तंबू लागला, तेव्हा तो म्हणाला, "बरं, आज काच तू लाव. अक्षराचे पाय वर करून घालजो, म्हंजे सुलटी दिसते."

पाय वर करायचे, एवढं सांगितलं. बाजू कोणती, ते सांगायचं राहिलं. त्याला सांगायची गरजच वाटली नसणार. पुढे बसून पाहिलेल्या माणसाला ते कळतंच.

मी काच घातली. पडद्याकडे पाहिलं. मला येतो तोच आकार. अगदी बरोबर. ऊर भरून आला, खरंच सांगतो.

पुढे कुजबुज सुरू झाली. कुणाला काही वाचता येईना. गाण्याची तबकडी संपली होती, मालक दुसरी शोधत होता. त्या शांततेत पडद्यामागून एक आवाज आला. माझी बहीण वच्छी, तिसरीतली. तिच्या बाजूने आज पहिल्यांदा अक्षरं सुलटी दिसत होती. ती शाळेत वाचते तशी ओरडून वाचायला लागली.

"ग, ण, प, त, रा, व!"

आमच्या वाड्यातल्या कुणी त्या नावाचा उच्चार असा उघड्यावर केला नव्हता. मागे बायका हसल्या. आनंदाने हसल्या, दुसरं काही नव्हतं त्यात. पुढे कुणीच हसलं नाही.

म्हणून मी मारत होतो. तिसरी मारली, चौथी मारली. मालक माझ्या कानाशी पुटपुटला, "घे बे मारून. पोट चालवा लागते न?" खोटं कशाला सांगू, मी मारतच राहिलो असतो. मशीन हातची जाईल, एवढीच भीती होती.

मग पाटील म्हणाले, "बस झालं तुह्यं. आता त्या पोरीले आण. इथं नाक घासू दे तिले. अन् उद्यापासून तिची शाळा बंद."

माझा हात थांबला.

"पोरगी नाही येणार," मी म्हणालो.

पाटील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत मागे रेलले आणि हळू बोलले. "पाह्य बाप्पा. घरं तं तुमचे सगळे गवताचेच हायत न?"

मी वळलो आणि पडद्याकडे चालत गेलो. त्याच्या दोऱ्या मीच बांधल्या होत्या, गाठ अंधारातही सापडली असती. एक गाठ सोडली. दुसरी सोडली. पडदा खाली आला.

मशिनीचा उजेड थेट मागच्या लोकांवर पडला. पहिल्यांदाच पुढच्यांनी त्यांना पाहिलं आणि त्यांनी पुढच्यांना. माय वच्छीला पदराखाली झाकून बसली होती. वच्छी पदरातून डोकं बाहेर काढत होती. तिला अजून कळलं नव्हतं की आपण काय केलं. मला मात्र कळलं. तिने वाचलं होतं, बस्स. आणि तेवढ्यासाठी मी स्वतःला चार थोबाडीत मारून घेतल्या होत्या. त्या चारांची लाज मला अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी आमचं घर जळालं. एकटं आमचंच. आग कुणी लावली, गावात कुणी विचारलं नाही.

आम्ही मेहकरला गेलो. वच्छीला तिथे शाळेत घातलं. मी दुसऱ्या तंबूत लागलो, परत खड्ड्यांपासून. खड्डे, पाणी, मग रिळं गुंडाळणं, मग मशिनीच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलणं, मग एकदाची मशीन. चार वर्षं गेली त्यात. वच्छी सुट्टीत काचेवर काजळी धरून मला अक्षरं शिकवायची. मी प्रत्येक अक्षर आधी उलटं काढायचो. ती पुसायची, पुन्हा काढायला लावायची. "दादा, माह्या बाजूनं नाही, तुह्या बाजूनं पाह्य," म्हणायची.

आज तंबू माझा आहे. मशीन जुनी, इंजिन त्याहून जुनं, पण माझं. हिवरा आश्रमापासून बीबीपर्यंत सगळीकडे लावून झाला. एक गाव राहिलं होतं, आमचं. काल आम्ही तिथे उतरलो.

संध्याकाळी कोतवाल निरोप घेऊन आला. माझ्या वयाचाच माणूस, वर बघत नव्हता. "पाटील म्हनतेत, पडद्यामागं जागा सोडजो. नाही तं तंबू उभा राह्यनार नाही." जरा थांबून स्वतःच्या मनाने म्हणाला, "कापडच हाय बापू. जळाले कितीक वेळ लागते?"

रात्रभर कुणीतरी तंबूभोवती फिरत होतं. सकाळी कनातीच्या कडेला रॉकेलचा वास येत होता. माझा मदतनीस म्हणाला, परत जाऊ. मी त्याला कुदळ दिली.

तंबू शाळेला लागून लावला आहे, पडदा तिच्या भिंतीला टेकवून ठोकला आहे. हेडमास्तरांची परवानगीची चिठ्ठी खिशात आहे. भिंत आणि पडदा यांच्यामध्ये आता वीतभरही जागा नाही. खुर्च्या आणल्याच नाहीत. ज्याला बघायचं त्याने पुढे यावं, मातीत बसावं, शेजारी कोण बसलंय ते बघून घ्यावं. तंबू जळाला तर इथेच उघड्यावर, याच भिंतीवर दाखवीन. मशिनीपाशी मी आहे, ती मी सोडणार नाही.

वच्छी मॅट्रिकच्या वर्गात आहे. आजची काच तिने कोरून पाठवली. तिच्यावर कुणाचंही नाव नाही. एवढंच आहे: सगळ्यांनी पुढे बसावे.

दिवेलागण होत आली. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी आहेत, आत येत नाहीत, जातही नाहीत. मी इंजिन चालू केलं आहे. काच घातली आहे. बाजू दोनदा तपासली.