दादा गप्प बसले की बंद पडणारा संगणक

आपल्यासारख्या वाचकांसमोर काही लिहून ठेवण्याचे धाडस मी करावे, हे मला स्वतःलाच पटलेले नाही. म्हणून प्रथम क्षमा मागते. तीस वर्षे मी सांगलीच्या एका शाळेत मराठी शिकवले. म्हणजे दुसऱ्यांच्या निबंधांच्या समासात लाल शाईने लिहिले. समासाच्या अलीकडे येण्याची ही पहिलीच वेळ.

नव्वदचे दशक संपत आले होते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी संगणकाच्या वर्गाला नाव घातले आणि पुढे बाजारपेठेतल्या एका जैन दुकानदाराकडून, सुटे भाग जुळवून केलेला एक संगणक घरी आणला. त्याच सुमारास वडील उंब्रजहून माझ्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. लष्करात त्यांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आता दृष्टी जवळजवळ गेली होती. एके दिवशी ते आपणहून म्हणाले, "तुज्या आईचं कुणीतरी लिवून ठिवाय पायजे. मी सांगतो, तू त्या मशीनवर उतरून घे. पर एकदाच सांगीन."

आई जाऊन अकरा वर्षे झाली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्याविषयी दादा यापूर्वी कधीच बोलले नव्हते, आणि पुन्हा बोलतील याची शाश्वती नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. आई मला पहिल्यांदा शाळेत घेऊन गेली, त्या दिवसाची हकिकत दादांनी सुरू केली. दोन पाने भरली. मग ते थांबले. आमच्या घरी वडीलधारे माणूस बोलत असताना, किंवा बोलता बोलता थांबले असताना, हात हलवायचा नाही अशी शिस्त होती. कळीचा आवाजसुद्धा मला उद्धटपणाचा वाटला असता. लिहिलेले साठवून ठेवण्याचेही मी टाळले आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले. दादांनी बऱ्याच वेळाने पुढचे वाक्य उच्चारले, तेव्हा पडदा काळा झालेला होता. आधी वाटले, लाइट गेली. पण डोक्यावर पंखा फिरत होता. माऊस हलवला, कळा दाबल्या. काही उपयोग झाला नाही. शेवटी बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागले. पुन्हा सुरू केल्यावर ती दोन पाने कोठेच नव्हती.

दादांना हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्यापूर्वी मी ती पाने आठवून पुन्हा लिहिली आणि संध्याकाळी त्यांना वाचून दाखवली.

"थांब," ते म्हणाले. "परत वाच ते."

मी वाचले, "परिस्थिती प्रतिकूल असूनही तिने मुलीच्या शिक्षणाची कास धरली."

"हे म्या म्हणलं?"

"अर्थ तोच आहे, दादा."

"तुजी आई कास धरायची ती म्हशीची. खरं सांग, काय झालं?"

मी सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर निराळेच तेज आले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या हाती एक बिघाड लागला होता.

"मंग आदी गाडी दुरुस्त करू. सवारी मागनं."

दुकानदार आला. तो म्हणाला, "बाई, माऊस बदलून बघूया की."

"एक गोष्ट बदला, मंग चालवून बघा," दादांनी बजावले. "धा नट एका टायमाला फिरवलं, तर कुटला ढिला हुता ते कळत न्हाई."

माऊस बदलला; दादा चाचणीपुरते इकडचे तिकडचे सांगायला बसले, पण फरक पडला नाही. दादांनी मला एक वही करायला लावली. यंत्र केव्हा सुरू केले, काय चालू होते, केव्हा काळे पडले, हे सारे मी त्यात लिहीत गेले. चौथ्या दिवशी त्यांनी ती वही वाचून घेतली.

"तू शाळंचं काम करतीस तवा हे कवा बंद पडलं?"

"एकदाही नाही."

"म्हंजे मी गप बसलो की पडतंय. आता मी मुद्दाम गप बसतो. घड्याळ बघ."

ते खुर्चीत ताठ बसले, कवायतीला उभे राहावे तसे. मी हात मांडीवर घेतले. बरोबर पंधराव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि मी म्हणाले, "झाला."

"आता तुज्या दुकानदाराला बलीव. त्याला म्हणावं, आंधळ्यानं पकडलं."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. कोणी हात लावत नाही असे दिसले की यंत्राने झोपी जावे, अशी सोय त्यात केलेलीच होती. फक्त आमचे यंत्र झोपल्यावर उठत नव्हते. त्याने ती सोय बंद केली. तरी पुढच्या परीक्षेत ते झोपलेच.

"आनिक कुटं दुसरा स्विच आसंल," दादा म्हणाले. खरोखरच होता, यंत्र सुरू होताना एक कळ दाबली की उघडणाऱ्या निळ्या पडद्याच्या आत. तोही बंद केल्यावर दादा अर्धा तास गप्प बसून राहिले आणि पडदा उजळ राहिला. दुकानदार चहा घेताना म्हणाला, "आजोबा, दुकानात येऊन बसा हो. पगार देतो." दादा म्हणाले, "चष्मा दे आदी."

त्यानंतर वर्षभर दादा सांगत गेले आणि मी अक्षरन् अक्षर उतरवून घेतले. त्यांच्या मौनात साठवणीची कळ दाबायला त्यांनीच मला परवानगी दिली होती. आईची म्हैस, तिचे उंब्रजच्या बाजारातले भांडण, लष्करातून आलेली पत्रे ती दुसऱ्यांकडून वाचून घेई तेव्हाचे तिचे लाजणे, सगळे आले. शाळेचा तो दिवस मात्र त्यांनी पुन्हा सांगितला नाही. मी एकदाच विचारले. "ते झालं सांगून," एवढेच म्हणाले.

आता दादाही नाहीत. नातवंडांसाठी मी त्या पानांचे छोटे पुस्तक करते आहे. बाकी सारे त्यांच्या बोलीत आहे; तो एक दिवस तेवढा माझ्या शाळेच्या मराठीत. काढला, तर आई मला शाळेत घेऊन गेलीच नाही असे होईल. ठेवला, तर दादांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेले शब्द जातील. आपण माझ्या जागी असता, तर ते पान ठेवले असते का?