द्वारकेवरचं हॉटेल

नसरीन मॅडमना स्टाफरूममधल्या सगळ्यांचे वार पाठ होते. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, श्रावण कधी लागतो, हे आमच्याआधी त्यांना ठाऊक असे. म्हणून त्यांचं तळलेलं चिकन शाळेत यायचं ते बुधवारी. भूमितीच्या तासाला कुणाचीही गय न करणाऱ्या मॅडम डबा उघडला की आमच्या तोंडाकडे बघत बसत. त्या चिकनचा त्यांना भारी अभिमान होता.

कृती विचारली की त्या खूश होत. "सर, आलं-लसूण, हिरवी मिरची, दही लावायचं आणि रात्रभर विसरून जायचं. सारखं झाकण उघडून बघायचं नाही. आणि तळायचं दोनदा. एकदा शिजायला, एकदा मिरवायला." मी एकदा घरी मोठ्या आचेवर उरकलं, तर म्हणाल्या, "म्हणजे बाहेरून पास, आतून नापास."

माझ्या आईसाठी त्या वेगळा डबा देत. आई वणीकडची, सामिषाची शौकीन. मी मात्र शाळेच्या पार्किंगमध्ये ते तुकडे एका हॉटेलच्या कागदी पिशवीत भरायचो आणि घरी सांगायचो, द्वारका चौकातल्या हॉटेलातून आणलं. मुसलमानाच्या घरचं आई खाणार नाही, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. तिला कधी विचारलं नाही. मी मराठी शिकवतो. समतेवरच्या निबंधाचे मुद्दे मुलांना मीच फळ्यावर लिहून देतो. तरी तीन वर्षं हा उद्योग बिनबोभाट चालू होता.

मग आईचा पाय मोडला आणि एका रविवारी मॅडम न कळवता घरी आल्या, डबा घेऊन. "आई, या आमच्या नसरीन मॅडम," मी कसंबसं म्हणालो.

"बसा बाई," आई म्हणाली आणि डबा उघडताच सरळ एक तुकडा उचलून खायला लागली. "तुमी केलं व्हय? लय झ्याक झालंय. आमचा सुधीर द्वारकेच्या हाटेलातून आणतो ना, अगदी तीच चव."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आईची चादर नीट करू लागलो. तेवढ्या वेळात खरं सांगता आलं असतं. आई तर त्यांच्या हातचं समजूनच खात होती.

"तिथूनच आणलंय, मावशी," मॅडम म्हणाल्या. "मला कुठं एवढं जमतं?"

मी चादरीचं टोक गादीखाली खोचत राहिलो. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते. ज्या बाईला आपल्या हाताचा एवढा अभिमान, तिने माझी अब्रू राखायला तो हात नाकारला, आणि मी तिला नाकारू दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी माफी मागायला गेलो. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, आधी सांगायचं होतं. मीच हॉटेलच्या पिशवीत भरून दिलं असतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पुढच्या बुधवारीही आईचा डबा आला.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि मालेगावला लेकीकडे राहायला गेल्या. आता चिकन मीच करतो. मुरवतो, दोनदा तळतो. परवा आईने एक तुकडा खाल्ला आणि ताट बाजूला सरकवलं.

"हाटेलासारखं नाय झालं. हाय का रे ते हाटेल अजून?"

"बंद पडलं."

"चांगला हात व्हता. कोण करायचं तिथं?"

आई खरंच उत्तराची वाट बघत होती.

"माहीत नाही," असं म्हणून मी कढईतला घाणा काढायला वळलो.