सुतकातल्या अळ्या

माझी पोरगी पतंगांच्या अळ्या पाळते. तिची नोकरीच ती. मेळघाटच्या जंगलातून अंडी आणते, अळ्या वाढवते, कोशातून पाखरू निघालं की कोणत्या जातीचं ते पाहते. गावात लोक हसायचे. "आपण बोंडअळी माराले फवारतो, अन् काकाजीची पोरगी पगार घेऊन अळ्या पोसते." मी सातवी नापास. तिचं अर्धं काम मला समजत नाही. तिच्या मायला समजायचं. पोरगी शाळेत होती तेव्हापासून मायच तिला अळ्यांसाठी एरंडाचा पाला तोडून द्यायची.

यंदा पावसाळा सरता सरता माझी बायको गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणली ती चादरीत गुंडाळूनच.

पोरगी आली ती मांडीवर प्लास्टिकचा डबा घेऊन. डब्याच्या तोंडाला जाळीचं फडकं. मागं पाला घालायला कोणी नव्हतं, म्हणून अळ्या सोबतच आणलेल्या. डबा धान्याच्या खोलीत ठेवला अन् मायजवळ जाऊन बसली.

मोक्षधामावरून आम्ही परत आलो तोवर वडनेरच्या माझ्या बहिणीनं घर धुवून काढलं होतं. डब्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. डाळ-दाण्याला कीड लागू नये म्हणून आपल्याकडे कडुलिंबाचा पाला घालतात. तिनं तेच केलं. पोरगी पाहते तर डबा घासूनपुसून ठेवलेला, आत नुसता कडुलिंब.

"अवं, कीड पडलती त्यात," बहीण म्हणाली. "कोंबड्यायले टाकली."

पोरगी डबा घेऊन तिथंच पोत्यावर बसली.

"आता कसं?" मी विचारलं.

"दुसरी अंडी धुंडा लागते, बाबा. दहा-बारा रोजच भेटतात आता. मंग सालभर नाई. सारं काम बुडालं."

"मंग जा."

"मायचा दहावा हाय ना."

"दहावा मी करतो. तू जा."

सकाळच्या एसटीनं ती गेली. बहीण दारातून म्हणाली, "माय मेली अन् पोरगी किडे धुंडायले चालली. बापानंच लाडावली."

"हो, मीच लाडावली," मी म्हटलं. "चहा ठेव."

दहाव्याला वणा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात.

"पोरीत जीव अडकला तिचा," बहीण म्हणाली. "कबूल कर दादा, पोरीची नोकरी सोडवतो, तिले घरी आणतो म्हणून. मंग पाय, येते का नाई कावळा."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. आता घरात मी एकटाच, हे मलाही दिसत होतं. दोन भाकरी कोण टाकणार तेही माहीत नव्हतं. तरी मी कबूल केलं नाही. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला अन् उठलो.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. अंडी भेटली नव्हती. आवाज बसला होता तिचा. मग विचारलं, "कावळा आला का, बाबा?"

"आला," मी म्हटलं. "ठेवल्याबरोबर आला. तू अजून दोन रोज धुंड."