न उगवलेलं लॉन

लॉनवर बी टाकून अठरा दिवस झाले होते आणि एक काडी उगवली नव्हती. मी गुडघ्यावर बसून बोटाने माती उकरली. खाली ओल होती, अगदी हवी तेवढी. चार दाणे चिमटीत धरले. अख्खे, कोरडे ठणठणीत नव्हेत, पण कुठेही मोडाचा मागमूस नाही. नखाने दाबले तर आतून भुगा निघाला.

माळी नूरुलभाई पाइप हातात घेऊन बाजूला उभे होते. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर जाधव साहेब नाशिकचे. ते माझ्याशी नेहमी मराठीतच बोलतात, विशेषतः इतरांना कळू नये असं काही असेल तेव्हा. आत्ताही तेच केलं. "मॅडम, रिपोर्टमध्ये लिहून द्या, पाणी कमी पडलं. याला एक्झिटवर पाठवू. क्लायंटला कुणाचं तरी डोकं दिसलं पाहिजे." दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल ते एखादी कुंडी हलवायची असल्यासारखे बोलत होते.

मी म्हणाले, "बघते."

बोटाला ओली माती लागलेली असताना मी फक्त एवढंच म्हणाले. त्या शब्दाचा मला आजही राग येतो.

मी रियाधमधल्या एका लँडस्केपिंग कंपनीत ॲग्रोनॉमिस्ट आहे. म्हणजे झाडं आणि गवत का मरतंय ते शोधायचं, आणि मरू नये म्हणून आधी सांगायचं. कृषी पदवीधर आहे. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे इथे आले आणि दोन वर्षं घरी बसल्यावर हे काम मिळालं. सौदी लोक मला मुहंदिसा म्हणतात, म्हणजे इंजिनिअर. ऐकायला बरं वाटतं.

क्लायंट होते एक डेंटिस्ट. मोठा व्हिला, आतल्या बाजूला कुटुंबाचं अंगण. इथे लॉन म्हणजे बर्म्युडा. आपल्याकडे शेतकरी जिला शिव्या घालत उपटतो, तीच ही हरळी. उन्हाळ्यात ती पन्नास डिग्रीतही तग धरते, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिवळी पडून झोपी जाते. आणि नेमकी तेव्हाच लोकांना बाहेर बसायची हौस असते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरळी खरवडून तिच्यावर थंडीच्या गवताचं बी फेकतात. याला आम्ही ओव्हरसीडिंग म्हणतो.

डॉक्टरांना केंटकी ब्लूग्रास हवं होतं. शिकायला परदेशात असताना घरासमोर तेच होतं म्हणे. मी त्यांना समजावलं की ते उगवायलाच तीन-तीन आठवडे घेतं, उगवेपर्यंत थंडी निम्मी संपते. फेस्क्यू हे दुसरं गवत चिवट असतं, पण पात जाड आणि हरळीत ते झुपक्याझुपक्यांनी वेगळं दिसतं. म्हणून पेरेनिअल रायग्रास घ्या. बारीक पात, गर्द हिरवा रंग, आठ-दहा दिवसांत उगवतं. नावात पेरेनिअल असलं तरी इथे मे महिन्यात मरतं, हेही सांगितलं. गवत निवडताना गिऱ्हाइकाला ते कधी मरेल हे आधी सांगावं, असं माझं मत आहे. डॉक्टरांना पटलं. निवड माझी होती आणि ती बरोबर होती. म्हणूनच त्या उजाड अंगणात उभं राहून माझं डोकं भणभणत होतं.

पाणी कमी पडलं तर काय होतं ते सांगते. दाणा पाणी पितो, फुगतो, फुटतो आणि मग कोंब वाळतो. वाळलेले कोंब मातीत सापडतात. इथे एकही दाणा फुटलाच नव्हता. म्हणजे दोष पाण्यात नव्हता, बियाण्यात होता. नूरुलभाईंनी दिवसातून चार वेळा हलकं पाणी दिलं होतं. त्यातही अंगणात बायका बसल्या असतील तर गेटबाहेर उन्हात थांबायचं, त्या आत गेल्या की लगबगीने पाणी मारायचं. हा माणूस पन्नाशीच्या पुढचा आहे. बांगलादेशात कोमिल्लाजवळ त्याचं घर आहे, तीन मुलींपैकी धाकटी अजून शिकते आहे. एक्झिट म्हणजे कायमचं मायदेशी पाठवणं. पासपोर्टवर शिक्का, विमान आणि खलास.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला घेऊन अल सुलैला गेले. तिथे आमचं गोडाऊन आहे. पत्र्याची शेड. बियाण्याची पोती पश्चिमेच्या पत्र्याला टेकवून रचलेली. लेबल पाहिलं, लॉट नंबर जुळला, मुदत पुढच्या वर्षापर्यंतची. सगळं नियमात. मग मी स्टोअरकीपरला विचारलं की एसी रूम कुठे आहे. त्याने एका खोलीकडे बोट दाखवलं. आत खताचे रिकामे डबे होते. एसी उन्हाळ्याआधी, रमजानमध्येच बंद पडला होता. त्याने जाधव साहेबांना तीन मेल टाकले होते. फोनवर मला दाखवले आणि फॉरवर्डही केले. तिसऱ्या मेलला उत्तर होतं, नोटेड.

रियाधचा अख्खा उन्हाळा ते बी तापलेल्या पत्र्याला पाठ लावून बसलं होतं. बी जिवंत असतं हो. त्याला श्वास असतो. ते भट्टीत ठेवायचं आणि पिशवीवरची तारीख दाखवायची, याला काय म्हणावं? आणि जाधव साहेबांना हे माहीत होतं. माहीत असून त्यांनी माळ्याचं नाव घेतलं होतं.

आता स्वतःचं सांगते, नाहीतर हे सगळं खोटं ठरेल. बियाणं साइटवर जाण्याआधी मटेरियल अप्रूव्हलवर ॲग्रोनॉमिस्टची सही लागते. ती सही माझी होती. लेबलचा फोटो आला, मी तारीख बघितली आणि सही ठोकली. उगवण तपासली नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात ते.

ते मी आता, उशिरा, मलाझ भागातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात केलं. त्या पोत्यातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यावर पसरले आणि मटकीला मोड आणतात तसे गुंडाळून डब्यात ठेवले. दुसऱ्या डब्यात बाजारातून आणलेल्या ताज्या पाकिटातले शंभर. मुलीने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आई, प्लीज टेल मी धिस इज नॉट फॉर उसळ." तिच्यावर उगाच खेकसले. आठवडाभर मी सगळ्यांवरच खेकसत होते. नवरा शहाणा, तो डब्याच्या आसपास फिरकला नाही.

नवव्या दिवशी मोजले. ताज्या पाकिटातले एक्क्याण्णव उगवले होते. आमच्या पोत्यातले सात.

दोन्ही फडकी घेऊन मी जाधव साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे पाहिली. मग खुर्ची ओढून आपुलकीने म्हणाले, "मॅडम, आपण दोघं महाराष्ट्रातले. इथे आपणच एकमेकांना सांभाळायचं. नूरुलची एक्झिट एचआरला गेलीय, परवा निघेल. कशाला उकरून काढताय?"

"साहेब, ती थांबवा. मी रिपोर्ट लिहिलाय. पहिली ओळ माझ्या चुकीची आहे. बी न तपासता मी सही केली. दुसरी ओळ एसीची आहे."

"जूनमध्ये तुमचं काँट्रॅक्ट रिन्यूला येतं."

"माहीत आहे."

"मग?"

"मग स्टोअरकीपरने तुम्हाला पाठवलेले मेल जोडलेत मी. तिन्ही. आणि तुमचं नोटेडसुद्धा."

माझा आवाज चढला होता. काचेपलीकडे अकाउंट्सचे लोक माना वर करून बघत होते. मला त्याची पर्वा नव्हती. रिपोर्ट कंपनीच्या मालकांना, एचआरला आणि डॉक्टरांना एकाच वेळी गेला.

डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. वाटलं, आता काँट्रॅक्ट तोडतील. त्यांनी रिपोर्ट वाचून विचारलं, "मग मी तुमच्या मालकांना फोन करून त्या माणसाला काढायला सांगितलं, ते?" मी म्हणाले की तेही जाधव साहेबांनी दिलेल्या चुकीच्या माहितीवर झालं.  त्यांनी माझ्यासमोरच मालकांना पुन्हा फोन लावला. संध्याकाळी एक्झिट रद्द झाली.

आम्ही नवीन बी आणलं, तपासलं, पेरलं. थंडी वाढल्यामुळे बारा दिवस लागले, पण अंगण भरलं. पाणी नूरुलभाईंनीच दिलं. जाधव साहेबांना ताकिदीचं एक पत्र मिळालं, मलाही एक मिळालं. मजकूर जवळपास सारखाच होता. ते अजून त्याच केबिनमध्ये बसतात.

गवताची पहिली कापणी झाली त्या दिवशी मी मुद्दाम साइटवर गेले. खरं सांगायचं तर थोडं कौतुक ऐकायला गेले होते. माझ्यामुळे नोकरी वाचली, असं मनात होतंच. नूरुलभाईंनी सलाम केला आणि सांगितलं की त्यांनी दुसऱ्या साइटवर बदली मागितली आहे. मी विचारलं, "क्यों? अब तो सब ठीक हो गया."

ते मशीनचं पातं पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "मैडम, बारह साल से जाधव साहब के साथ हूँ. मराठी समझ लेता हूँ. उस दिन मिट्टी आपके हाथ में थी."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी गाडीत येऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, यल्ला, चला.

तेव्हापासून मी दोन नियम पाळते. कुठल्याही पोत्यातले शंभर दाणे उगवून बघितल्याशिवाय सही करायची नाही. आणि माणूस समोर उभा असेल तर त्याच्याविषयी जे खरं ठाऊक आहे ते तिथेच, त्याला कळेल अशा भाषेत बोलायचं. पहिला नियम आता कंपनीच्या अप्रूव्हल फॉर्मवर छापला आहे. दुसऱ्यासाठी फॉर्म नाही.