गोरक्षचा रोजचा भागाकार

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवणारा गोरक्ष भारी हट्टी, आणि त्याचा हट्टही जगावेगळा. शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, एकतीस वेळा दोन मांडा, त्यांचा गुणाकार करा, एक वजा करा. येणारी दोनशे चौदा कोटींची संख्या मूळ आहे, तिला एक आणि ती स्वतः सोडून कोणी भागत नाही. गुरुजी म्हणाले म्हणून मानायचं? स्वतः भागून पाहीन तर खरं! १९९५च्या दिवाळीनंतर त्याने वही उघडली. फुलं बाजारात गेली की मूळ संख्यांची यादी पुढ्यात घ्यायची आणि रोज एकीने भागायचं. एक दिवस चुकला नाही. बायको कुसाबाई शेजारी माळा ओवत कपाळाला हात लावायची, "एक दिवस जाळीन ती वही," म्हणायची.

पुढे नजरेच्या कडा अंधारल्या. गोरक्ष बोलला नाही. कुसाबाईला कळलं तर वही चुलीत जाईल, एवढीच धास्ती. डोळ्यांपेक्षा वही मोठी! असल्या माणसाचा राग येतो, आणि धरवतही नाही.

२००१च्या एप्रिलात १७,३८९ ने भागताना बाकी शून्य आली. गुरुजी खोटे ठरले! कॉलेजात गणित शिकणाऱ्या मुलीला, शुभांगीला, त्याने हाक मारली. तिने १७,३८९ ला फक्त एकतीसने भागलं.

"नाना, हे व्हायचं नाय. तुमच्या संख्येला भागणारी कुठलीही मूळ संख्या असू दे, तिला एकतीसने भागलं की बाकी एकच राहते. नियमच हाय तसा. इथं एकोणतीस राहतात."

"मग माझं शून्य?"

तिने वही पाहिली. पाचाच्या जागी सहा, एकाच्या जागी नऊ, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"नाना, तुम्हाला दिसत नाय?"

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा गेलेला, दुसरा जवळजवळ गेलेला. "कधीपासून त्रास आहे?"

"दहा हजारांच्या पुढं गेलो तवापासून."

डॉक्टर गोंधळले. शुभांगीने मनात हिशेब केला. दहा हजारांच्या आत बाराशे एकोणतीस मूळ संख्या, आणि १७,३८९ ही दोन हजारावी. रोज एक.

"दोन वर्षांच्या वर झालं," ती म्हणाली.

"तेव्हाच आणलं असतं तर नुसत्या थेंबांवर नजर टिकली असती. आता गेलेली परत येत नाही."

कुसाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. "रोज माझ्याशेजारी बसून आकडे मांडले," ती म्हणाली. "एकदा बोलले असते, तर मी वही जाळली नसती हो."