देवरावजींच्या चौदा फळ्या

रविवार, नऊ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ. ठिकाण : आमच्या घराचं पोर्च, सक्करदरा. हजर : मी, शेजारच्या कुमुदताई, बँकेतला पराग आणि शिकवणारे देवरावजी. गैरहजर : कोणी नाही.

मी ही नोंद करत असताना देवरावजी मान तिरकी करून वही वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "बाप्पा! चार माणसं, अन् त्याचीबी हजेरी? शाळा उघडून राहिल्या का तुम्ही, ताई?"

मला बरं वाटलं ते त्या 'ताई'मुळे. हिंगण्याच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते आणि ते पॅकिंग विभागात होते. त्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला 'मॅडम'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. यंत्रं आणि पिंपं ज्या लाकडी चौकटींवर ठेवून फोर्कलिफ्टनं उचलतात, त्या पॅलेटची डागडुजी हे त्यांचं काम. पार मोडलेल्या पॅलेटची रास कारखान्यामागे पडून असायची. ते निवृत्त झाले तेव्हा मी रीतसर परवानगी काढून त्यातली काही घरी आणली आणि त्यांना विचारलं, "रविवारी येऊन आम्हाला शिकवाल का?" कुंड्यांचे कठडे, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, भिंतीवरची फडताळं असं काहीतरी करायचं आमच्या डोक्यात होतं. त्यांची एकच अट होती. त्यांच्या दोन खोल्यांत जागा नव्हती, म्हणून स्वतःचं थोडं काम त्यांना आमच्या पोर्चमध्ये करायचं होतं.

पहिल्या दिवशी परागनं त्यांना मोबाईलवर फोटो दाखवले. "काका, असं जुनंपुराणं दिसलं पाहिजे. खडबडीत. आजकाल सगळ्यांना तेच आवडतं."

देवरावजींनी फोटो हातभर लांब धरून पाहिले. "मंग आमच्या घरी येऊन पाय नं गा. आमच्याकडं सारं तसंच हाय."

कुमुदताई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. आधी पॅलेटवर टिचक्या मारून आवाज ऐकायचा. मग नाक लावून वास घ्यायचा. तेलाचा किंवा औषधाचा वास आला की ते पॅलेट बाजूला. "हे घरात नाही न्यायचं. याच्यावर काय ठेवलं होतं, कोणाले माहीत?" फळी उपटायची नाही. फटीत करवतीचं पातं घालून खिळा कापायचा किंवा खालून हळूहळू ठोकत बाहेर काढायचा. तरुणपणी त्यांनी संत्र्याच्या पेट्या ठोकल्या होत्या. त्या पेट्यांचं लाकूड इतकं हलकं असायचं की राग आलेल्या माणसाच्या हातून ते फाटायचंच. "खिळ्यावर चिडला त्यानं फळी गमावली," असं ते म्हणत. पराग दर रविवारी एक तरी फळी गमवायचा.

आणि एक गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे. खिळा निघाल्यावर राहिलेलं भोक आणि त्याभोवतीचा लोखंडाचा काळा डाग बुजवायचा नाही. माझ्या पहिल्याच फडताळाच्या भोकांत मी पुट्टी भरत होते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काहून बुजवता, ताई?"

"चांगलं नाही दिसत."

"दिसाचं राहू द्या. हात लावून पाहा. भोक हाय म्हणून तर समजते फळी कुठं हाय ते."

त्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही. कामाच्या वेळी गप्पा नकोत, असं माझं धोरण असतं. माझ्या वहीत 'देवरावजींच्या सवयी' असं एक पान होतं. त्यावर मी लिहिलं : भोकं बुजवू देत नाहीत. आणि पुढच्या कामाला लागले.

त्यांचं स्वतःचं काम म्हणजे कौसल्याबाईंसाठी, त्यांच्या पत्नीसाठी, भिंतीला लावायचा लाकडी कठडा. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसराही चालला होता. खाटेपासून स्वयंपाकाच्या दारापर्यंत आणि तिथून मोरीपर्यंत हात धरून जाता येईल अशी फळ्यांची रांग देवरावजींना लावायची होती. "थोडं दिसते तवाच लावून देतो. डोयानं पाहून पाहून हाताले सवय होईन. मंग डोये गेले तरी हात जाईन बरोबर." पावसाळा संपायच्या आत ते व्हायला हवं होतं. डॉक्टरांनी त्यापुढची खात्री दिली नव्हती.

त्यासाठी त्यांनी चौदा फळ्या निवडल्या. एकेक फळी सायकलच्या कॅरिअरला बांधून ते घरी न्यायचे आणि दोन-तीन दिवसांनी परत आणायचे. फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक रेघा असायच्या, कुठे फुली, कुठे बाण. मी एकदा त्यांना नवी वही देऊ केली. "मापं यात लिहा, देवरावजी. हरवणार नाहीत." त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली. "फळीच माही वही हाय, ताई. ही कुठं हरपते?"

जुलैत त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात अकरा दिवस काढावे लागले. मी भेटायला गेले की ते सलाईन लावलेला हात उचलून विचारायचे, "पाणी तं नाही नं लागून राहिलं फळ्याईले?" मी म्हणायचे, "तुम्ही काळजी करू नका. मी बघते."

मी बघितलं. तेरा फळ्यांचं काम झालं होतं, एक बाकी होती. ते घरी आल्यावर दमतील, म्हणून जेवढं करता येईल तेवढं करून ठेवावं असं मला वाटलं. शिवाय नजर जात चाललेल्या बाईच्या तळव्यात खडबडीत लाकडाचं कुसळ शिरलं तर? विचार चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. मी टेम्पो करून चौदाच्या चौदा फळ्या कारखान्यात नेल्या. रंधा मशीनवर दोन्ही बाजू साफ करून घेतल्या. घरी आणून भोकांत पुट्टी भरली, पॉलिशपेपरनं घासल्या, लांबीप्रमाणे लावल्या आणि प्रत्येकीवर एक ते चौदा असे आकडे चिकटवले. पराग म्हणाला होता, "काकांना एकदा विचारायचं का?" मी म्हटलं, "अरे, त्यांना आराम करू दे."

दवाखान्यातून घरी सोडल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी देवरावजी रिक्षानं आले. मी ताडपत्री बाजूला केली. त्यांनी पहिली फळी उचलली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत टोकापर्यंत नेला. मग उलटली.

"मांगची बाजूबी घासली का, ताई?"

"दोन्ही बाजू," मी म्हटलं. मला तेव्हा अभिमान वाटत होता, हे लिहायला हवं.

"बरं." त्यांनी दुसरी उलटली. मग तिसरी. चौदा फळ्या त्यांनी एकेक करून उलटून पाहिल्या आणि होत्या तशाच क्रमानं परत ठेवल्या. "लई सफाईनं केलं जी," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. कुमुदताईंनी दिलेला चहा त्यांच्या हातात तसाच राहिला.

मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं. कौसल्याबाईंना ते रोज भिंतीशी चालवत होते. त्यांचा तळवा जिथे पडेल तिथे फळी धरायची, अंगठा जिथे टेकेल तिथे फळीचं भोक यायला हवं, म्हणून मागे खूण करायची आणि त्याप्रमाणे फळी कापायची. "एक भोक म्हणजे खाट. दोन म्हणजे चुलीचं दार. तीन भोकं आले का समजाचं मोरी आली, पायरी हाय, सांभाळाचं. तिले पाठ होऊन राहिलं होतं."

पुट्टी उकरता आली असती, पण मागच्या खुणा रंध्यानं नेल्या होत्या आणि कोणती फळी कुठली हे आता कळणार नव्हतं. मी लगेच म्हटलं, "मी उद्याच नवी पॅलेट आणते. परत करू."

"करू नं. घाई काहून करता?" त्यांनी माझ्याकडे न बघता पेन्सिल कानामागे खोवली. "मीच सांगाले पायजे होतं तुमाले."

नवी पॅलेट चौथ्या दिवशी आली. यावेळी एकेक फळी काढायलाच त्यांचा जवळजवळ अख्खा रविवार जायचा. मध्येच थांबून ते श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "हे लाकूड जरा हट्टी हाय." एक फळी पूर्ण झाली. ती त्यांनी घरी नेऊन खाटेशेजारी बसवली. दुसरी निम्मी कापून पोर्चमध्ये ठेवली होती. तिसऱ्या रविवारच्या हजेरीत मी त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. ते आदल्या दिवशी पहाटे गेले होते, हे मला अकरा वाजता कळलं. तो शब्द मी खोडलेला नाही.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. नंतर मी त्यांच्या घरी गेले. खाटेशेजारी ती फळी होती, एका भोकाची. कौसल्याबाई उठल्या, तिच्यावरून हात फिरवत टोकापर्यंत आल्या आणि पुढे नुसती भिंत चाचपत दारापर्यंत गेल्या. भिंतीच्या रंगावर त्यांच्या तळव्यानं एक मळकट पट्टा उमटला होता. त्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

"बसा, ताई," त्या म्हणाल्या. "तुमचं लई सांगत राहात होते. पहिलं लाकूड ओलं निघालं म्हणे. सारं वाया गेलं. तं तुम्हीच नवं आणून देलं म्हणे. कोण करते जी एवढं?"

मी म्हटलं, "चहा राहू द्या, बसा तुम्ही." एवढंच म्हटलं.

तेव्हापासून पराग आणि मी नव्या पॅलेटच्या बारा फळ्या काढल्या आहेत; त्यांनी निम्मी कापलेली धरून तेरा. एकही फाटली नाही. त्या गुळगुळीत चौदा फळ्या मागच्या भिंतीशी उभ्या आहेत. त्यांचं काय करायचं ते मला सुचत नाही. नव्या फळ्यांच्या भोकांना मी हात लावू दिलेला नाही, फक्त कडांची कुसळं हातानं काढली आहेत. पण त्या कुठे कापायच्या हे माझ्या वहीत नाही. कौसल्याबाईंना भिंतीशी चालवावं लागेल, त्यांचा अंगठा टेकतो तिथे मला खूण करावी लागेल, आणि त्या विचारतील की लाकूड ओलं निघालं तरी खुणा तं होत्या नं त्याच्यावर, मग पुन्हा काहून? तेव्हा लाकूड ओलं नव्हतं, हे सांगावं लागेल.

आजचा रविवार. हजर : मी, कुमुदताई, पराग. फळ्या काढणे : झाले. खिळे काढणे : झाले. कडा साफ करणे : झाले. कौसल्याबाईंच्या हाताचं माप घेणे : पुढच्या रविवारी. सलग सातव्यांदा मी हेच लिहिते आहे.