शेवटचा भाग कुणाचा

“त्या राधानगरीच्या बाई हो म्हटल्या का न्हाय?” सरांनी केबिनमधूनच विचारलं.

नव्हत्या म्हटल्या. फोन अजून चालूच होता.

कोल्हापुरातल्या एका लहान ॲप कंपनीत मी कॉलेज सांभाळून इंटर्न होते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ही नोकरी पक्की व्हावी असं घरच्यांपेक्षा मलाच जास्त वाटायचं. कंपनीने फॅन फिक्शनची एक साइट विकत घेतली होती. फॅन फिक्शन म्हणजे मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेने लिहिलेल्या कथा. मालिकावाल्यांची कटकट नको म्हणून नावं बदलायची आणि कथा आमच्या पेड ॲपवर टाकायच्या, असं ठरलं होतं. लेखकांची परवानगी घेणं माझं काम.

त्या साइटवर एक रीत होती. लेखक शेवटचा भाग लिहीत नसे. तो वाचकांनी कमेंटमध्ये लिहायचा, आणि आवडेल तो लेखकाने कथेला जोडायचा.

“माझं घ्या की,” राधानगरीच्या त्या रुबिनाताई फोनवर म्हणाल्या. त्या ब्लाउज शिवतात आणि साइटवर सगळ्यात जास्त वाचली जाणारी कथा त्यांची. “पर शेवट माझा न्हाय. एका पोरीनं लिवलाय. तिला इचारा.”

त्या मुलीचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. साइटवरच्या तिच्या पत्त्यावर मी मेल केला, तो परत आला.

“नावच न्हाय, तर भांडायला कोण येतंय?” सर म्हणाले.

“कुणी नाही, सर. पण तिला न विचारता घेतला, तर ताई स्वतःचंही देणार नाहीत.”

“मग शेवट सोडून टाक. लोक इथंबी लिवतील की.”

कथा शेवटाशिवाय ॲपवर गेली आणि लोकांनी लिहिलंच. पैसे भरून आत आलेले वाचक भराभर शेवट लिहू लागले. सर खूश होते. तेवढ्यात रुबिनाताईंचा फोन आला.

“लिवत्यात ते कुणाचं हुतंय?”

मी टर्म्स उघडल्या. म्हणजे ॲपच्या अटी, ज्या न वाचता आपण ‘मान्य’ दाबतो. ॲपवर लिहिलेलं सगळं कंपनीचं, असं त्यात होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

“त्यास्नी सांगितलंय का?”

ॲपवरचा मजकूर मीच भरत असे. बराच वेळ विचार केला. मग ‘तुमचा शेवट इथे लिहा’ याखाली एक ओळ घातली: ‘इथे लिहिलेला शेवट कंपनीच्या मालकीचा होईल.’

कमेंट थांबल्या.

“हे कुणी घातलं?”

“मी, सर. अटींमध्ये आहे तेच आहे.”

“अटीत असतंय गं. असं तोंडावर सांगतंय व्हय कोण?”

वाचक गळायला लागले तेव्हा सरांनी अट बदलली. लिहिलेलं लिहिणाऱ्याकडेच राहील, अशी केली. मला मात्र पुढे कामावर ठेवलं नाही. घरी अजून नीट सांगितलेलं नाही.

जुन्या अटीला त्या सगळ्या वाचकांनी ‘मान्य’ दाबलं होतं. ती वाचल्यावर मात्र एकानेही लिहिलं नाही.